१६ मिलिसेकंदांची दुरुस्ती

पुण्याच्या टापकीर गल्लीत वायरींची भेंडोळी चुकवत जाताना एका जिन्यापाशी हाताने लिहिलेला कागद दिसला: ‘गेम अडकतोय? अँटिव्हायरस काढू नका. वर या.’ नवीन काही घ्या म्हणणारं दुकान रोज भेटतं, आहे ते काढू नका म्हणणारं क्वचित. मी वर गेले.

पोटमाळ्यावर ब्लोअरने उडवलेल्या धुळीचा वास. दुरुस्ती करणाऱ्या तिशीतल्या माणसाला सगळे ‘दादा’ म्हणतात. समोर अकरावीतला एक मुलगा, पूर्ण सीपीयू उचलून आणलेला. “व्हॅलोरंट नीट चालतो, जीटीए फाइव्ह मध्येच थिजतो.” दादाने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि गेम सुरू करायला लावला. आतून बारीक करकर. “गेम डी ड्राइव्हला आहे ना?” होता. डी म्हणजे जुनी, फिरणारी हार्ड डिस्क. त्यानंतर आलेल्या प्रत्येक मशीनवर आधी तो तळहातच पडला. डॉक्टरही आता इतके हात लावून बघत नाहीत.

“साठ एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६ मिलिसेकंद,” दादा म्हणाला. काटेकोर सांगायचं तर साडेसोळाच्या थोडं वर, पण त्याचा आकडा १६. गेममधली गाडी नव्या रस्त्याला वळली की गेम त्या रस्त्याच्या फायली डिस्ककडे मागतो. फाइल उघडण्याआधी अँटिव्हायरसचा ड्रायव्हर मध्ये येतो. “जकात नाका होता ना पूर्वी? ट्रक रिकामा असला तरी थांबायचा, तसं.” एकदा तपासलेली फाइल बदलली नसेल तर पुढच्या वेळी बरेचदा पटकन सुटते. पण गेमचा अपडेट आला किंवा व्हायरसची नवी यादी उतरली की पुन्हा तपासणी. मंद डिस्कवर एवढ्यानेच १६ मिलिसेकंद कधीच उलटून जातात.

टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ वर चढलेलं होतं. म्हणजे विंडोजचा डिफेंडर. इथपर्यंत कुणीही पोचतं. दादा पॉवरशेलमध्ये गेला, डिफेंडरचीच नोंद सुरू केली, मुलाला दोन मिनिटं गाडी पळवायला लावली आणि कोणत्या फायलींच्या तपासणीत वेळ गेला त्याची यादी काढली. वरच्या ओळीत गेमच्या आरपीएफ फायली. वेळापत्रकाने होणाऱ्या तपासणीला प्रोसेसरची सरासरी ५० टक्क्यांपर्यंत मुभा असते. ती त्याने २० वर आणली.

“दादा, बंदच करून टाका ना.”

“करतो. तो थोड्या वेळाने आपोआप चालू होईल. आणि मोड्स कुठून उतरवतोस?”

मुलगा गप्प. खरी गोम इथेच आहे. गेमचा फोल्डर तपासणीतून वगळला की गेम सुटतो, आणि मोड्सही, म्हणजे गेममध्ये बाहेरून आणून घातलेले बदल, त्याच फोल्डरात जातात. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना चोरीच्या गेमच्या इन्स्टॉलरबरोबर सर्रास येते. काही मालवेअर तर आत शिरल्यावर स्वतःचं नाव वगळलेल्यांच्या यादीत घालून घेतात. म्हणून दादाने फक्त त्या गेमचा फोल्डर वगळला, अख्खा डी ड्राइव्ह नाही, डाउनलोड्स तर मुळीच नाही. मोड्स आधी वेगळ्या फोल्डरात उतरवायचे, तपासायचे, मग गेममध्ये टाकायचे, अशी शिस्तही सांगितली. ती मुलगा आठवडाभर तरी पाळेल का, याची मला शंकाच आहे.

क्विक हील हे अँटिव्हायरसही याच शहरातलं, १९९५ चं. त्याचे संस्थापक कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत इथवर आले. पण पुण्यातसुद्धा अँटिव्हायरसकडे लोक गेमच्या वाटेतली धोंड म्हणूनच बघतात. मला तो राग चुकीच्या जागी वाटतो. तपासणी हवीच, कुठे आणि केव्हा, एवढं ठरवायला कुणी बसत नाही.

गेम पुन्हा लावला. गाडी पुलावरून विनासायास गेली, शहरात वळताना मात्र एकदा अडखळली. मुलाने दादाकडे पाहिलं.

“हे डिस्कचं,” दादा म्हणाला. “एसएसडी घे, गेम तिच्यावर टाक. माझ्या ३०० रुपयांत एवढंच बसतं.”

“एसएसडी दिवाळीत घेतो,” मुलगा म्हणाला, आणि २५० चालतील का विचारायला लागला.