पेन्शनवर येऊन सदाशिव पेठेत येण्यापूर्वी

सदाशिव पेठेत फिरावे तिकडे स्पर्धा परीक्षेच्या क्लासची पाटी आणि जिन्याजिन्यावर अभ्यासिका. पेशवाईत ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांची लेकरे आज सदाशिवरावभाऊच्या नावाच्या या पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यघटनेची कलमे पाठ करतात. हे परिवर्तन घटनेने घडवले, पेठेने नव्हे! पण आज आम्हाला लिहायचे आहे ते या पोरांच्या मध्ये बसणाऱ्या, चाळिशीकडे झुकलेल्या, केस बारीक कापलेल्या गड्याविषयी. पोरे त्याला 'मेजर' म्हणतात. पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून तो पेन्शनवर आलेला असतो आणि फंडाचे पैसे क्लासच्या काउंटरवर मोजून आता त्याला तहसीलदार व्हायचे असते.

त्याची जिद्द खोटी नाही. उशीर मात्र झालेला असतो, आणि तो का झाला याचा विचार समाज म्हणून आपण कधी केला नाही.

कायदा काय देतो ते आधी पाहू. माजी सैनिकांना राज्याच्या गट क व गट ड पदांत १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात ते गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के आहे. तहसीलदार वा उपजिल्हाधिकारी व्हायला हे आरक्षण कामाला येत नाही. दुसरी फसगत पदवीची. दहावी पास आणि पंधरा वर्षे सेवा झालेल्या जवानाला केंद्राच्या गट क मधील पदवीची अट असलेल्या बिगरतांत्रिक पदांसाठी पात्र धरतात. म्हणून तो कागद हाती पडला की आपला माणूस 'मी ग्रॅज्युएट झालो' असे समजून निर्धास्त होतो. तो कागद नागरी सेवा परीक्षेच्या दारात चालत नाही. तिथे विद्यापीठाचीच पदवी लागते. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. हा बदल पुढे ढकलावा म्हणून २०२३ च्या प्रारंभी पुण्यात पोरे रस्त्यावर उतरली होती. पंचविशीतल्या पोरांना ज्याची धास्ती वाटली, तिथे पंधरा वर्षे पेन न धरलेल्या जवानाने काय करावे?

म्हणून आमचे म्हणणे असे की फौजेनंतरचे शिक्षण फौजेत असतानाच सुरू झाले पाहिजे. हे काही नवीन नाही. सुभेदार रामजी सकपाळ पुण्याच्याच लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर राहिले. फौज सुटल्यावर सातारा जिल्ह्यात गोरेगावला दुष्काळी कामाच्या तलावावर त्यांना कॅशियरची नोकरी मिळाली, ती लेखणीच्या बळावर. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहिण्यात घालवले. फौजेतल्या सक्तीच्या शिक्षणाने आपल्या समाजात वाचणारे घडवले, हे खुद्द बाबासाहेबांनी नोंदवले आहे. पुढे आपली भरतीच बंद झाली तेव्हा ही वाटही बुजली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तोपर्यंत दोन पिढ्या गेल्या होत्या.

आज वाट उघडी आहे. इग्नूची लष्करासाठी वेगळी प्रादेशिक केंद्रे आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून पदवी देते. तिसाव्या वर्षी प्रवेश घेतलेला जवान पेन्शनवर येताना खरी पदवी घेऊन येऊ शकतो. आणखी एक, जात वैधता प्रमाणपत्र! ते नोकरीत असतानाच रजेवर येऊन मार्गी लावावे. गुण चांगले असतील तर राखीव प्रवर्गातील उमेदवार समांतर आरक्षणाच्या खुल्या जागेवरही हक्क सांगू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात स्पष्ट केले. आपली जागा कोणत्या रकान्यात मोजली गेली, हे निवड यादी लागल्यावर डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

अग्निवीरांचे तर आणखी अवघड. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम ठेवायचा, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी देऊन निरोप द्यायचा, असे ठरले. त्यांना पेन्शन नाही आणि योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणजे वर सांगितलेले १५ टक्के त्यांच्यासाठी नाहीत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के जागा त्यांच्यासाठी जाहीर झाल्या, पण वर्दीतून पुन्हा वर्दीतच! पदवीच्या निम्म्या क्रेडिट्स लष्करी प्रशिक्षणातून धरणारा इग्नूचा अभ्यासक्रम त्यांच्यासाठी आहे. तो किती घरांत ठाऊक आहे? विशीत हाती आलेल्या त्या रकमेवर गाडीच्या शोरूमवाल्यापासून क्लासवाल्यापर्यंत साऱ्यांचा डोळा राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला महार रेजिमेंटचे माजी सैनिक येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. त्या स्टॉलांच्या रांगेत एक टेबल मुक्त विद्यापीठांच्या प्रवेशाची माहिती देणारे असावे, आणि त्यावर निवृत्त सुभेदारांनीच बसावे. जवान क्लासवाल्यापेक्षा त्यांचे ऐकेल.