भूतकाळाचं दप्तर कुणी उचलायचं?

लेखमाला : इंग्रजी, मराठीच्या अंगानं (भाग ९)

मागच्या आठवड्यात सातवीला घरचा अभ्यास दिला होता : काल दिवसभरात काय केलं ते दहा वाक्यांत लिहून आणा. सोमवारी एकोणचाळीस वह्या टेबलावर आल्या. लाल पेन उघडलं आणि चौथ्या-पाचव्या वहीपाशी बंद करून ठेवलं. चुका होत्या, पण सगळीकडे त्याच. कॉपी म्हणावी तर कुणाचा मामा बार्शीला, कुणाचा करमाळ्याला. मग कागदावर तीनच वाक्यं उतरवून घेतली : ‘आय बायड अ पेन’, ‘आय डिडन्ट वेंट टु ट्यूशन’ आणि ‘आय हॅड गॉन टु मामाज व्हिलेज’.

‘बायड’ला चूक म्हणायला मी जरा कचरते. घरात अडीच-तीन वर्षांचं मूल असेल तर कान देऊन ऐका. ‘मी करलं’, ‘बाबा येला’ असं ते बिनधास्त बोलतं. घरात मोठं कुणी ‘करलं’ म्हणत नाही, मग हे आलं कुठून? बस-बसला, पड-पडला, हस-हसला हे ऐकत ऐकत पोरानं ‘ल’चा नियम स्वतःच शोधून काढलेला असतो आणि तो ‘कर’लाही लावलेला असतो. जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेनं १९५८ साली छापलेल्या अभ्यासात लहान मुलांपुढे मुद्दाम बनवलेली क्रियापदं ठेवली होती. चित्रातला माणूस ‘रिक’ करतो आहे. कालही त्यानं हेच केलं. मग काल त्यानं काय केलं? हा शब्द मुलांनी जन्मात ऐकलेला नव्हता, तरी बहुतेकांनी ‘रिक्ट’ असं बरोबर उत्तर दिलं. आमच्या वर्गातलं ‘बायड’ त्याच जातीचं आहे. ज्या मुलाला ते सुचलं त्याला नियम कळला आहे, अपवाद तेवढा कळायचा आहे.

अपवादाला मात्र पाठांतराशिवाय इलाज नाही. ‘गो-वेंट-गॉन’ आम्ही पाढ्यासारखं म्हणत होतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. मुलं विचारतात, ‘गो’चं ‘वेंट’ कसं काय? त्यावर मी उलट विचारते, ‘जा’चं ‘गेला’ कसं काय? ‘जा’ आला संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून आणि ‘गेला’ आला ‘गत’पासून. दोन वेगळ्या घरांतले शब्द आपण एका क्रियापदात नांदवले. इंग्रजीनंही तेच केलं. ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’चा भूतकाळ, जसा ‘सेंड’चा ‘सेंट’. ‘गो’नं आपला जुना भूतकाळ टाकून दिला आणि दुसऱ्याचा घरात आणला.

हे अपवाद टिकतात कसे, याचा चांगला हिशेब हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडला. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं त्यांनी तपासली, तर आज त्यांतली ९८च अनियमित उरली आहेत. बाकीच्यांना हळूहळू ‘ईडी’ लागला. ‘हेल्प’चं एके काळी ‘होल्प’ होत असे, आज ‘हेल्प्ड’ होतं. शब्द जितका कमी तोंडात, तितका तो लवकर नियमात येतो. वापर शंभरपट कमी असेल तर ही गती दहापट. म्हणजे रोज लागणारे शब्दच सगळ्यांत हट्टी. मराठीत बघा ना : केला, गेला, आला, मेला, झाला, दिला. म्हणून पाठांतराची यादी वर्णानुक्रमे देऊ नये असं माझं मत आहे. आधी गो, कम, डू, से, सी, टेक, गिव्ह, बाय. ‘फोरसेक’ वगैरे मंडळी आयुष्यात भेटली तर भेटतील.

उच्चाराचं थोडक्यात. आपल्याकडे सर्रास ‘वॉकेड’, ‘जंपेड’ म्हणतात. मराठीच्या तासाला शिकलेली कठोर आणि मृदू व्यंजनं इथं कामी येतात. शब्दाच्या शेवटी क, प, स यांसारखा कठोर ध्वनी असेल तर ‘ट’ : वॉक्ट, जंप्ट. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड’ : प्लेड, ओपन्ड. शेवटी आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तरच ‘इड’ : वॉन्टिड.

आता दुसरं वाक्य. ‘मी ट्यूशनला गेलो नाही.’ ‘तू गेलास का?’ मराठीत नकार येवो की प्रश्न, ‘गेलो’ जागचं हलत नाही. शेजारी ‘नाही’ किंवा ‘का’ येऊन बसतं. मुलाच्या डोक्यात भूतकाळ ‘वेंट’मध्ये पक्का बसलेला, मग ‘डिडन्ट’ हा त्याला नुसता ‘नाही’ वाटतो. इथं ‘डिडनंतर मूळ रूप’ हे सूत्र फळ्यावर लिहून काही होत नाही. वर्षानुवर्षं लिहून बघितलं आहे.

यंदा दोन मुलं आणि एक दप्तर घेतलं. दप्तर म्हणजे भूतकाळ. पहिला मुलगा ‘गो’. दप्तर पाठीवर चढवलं की त्याचं नाव ‘वेंट’. तो एकटाच वर्गात फेरी मारतो : ‘आय वेंट’. मी ‘नाही!’ म्हटलं की दुसरा मुलगा ‘डू’ पुढे येतो, दप्तर स्वतःच्या पाठीवर घेतो आणि ‘डिड’ होतो. मागचा रिकाम्या पाठीनं चालतो, म्हणजे पुन्हा ‘गो’ : ‘आय डिडन्ट गो’. प्रश्नालाही हेच. दप्तर एकच आहे. ‘डिडन्ट वेंट’ करून दाखवा म्हटल्यावर दोघं एकाच दप्तराचे दोन पट्टे ओढू लागले आणि एक पट्टा उसवला. त्या मुलाच्या आईला मी चिठ्ठी लिहून दिली. पण तेव्हापासून कुणी ‘डिडन्ट वेंट’ म्हटलं की वर्गच ओरडतो, ‘पट्टा!’

तिसऱ्या वाक्यात मी स्वतः बरीच वर्षं अडकले होते. नोकरीच्या पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, ‘आय हॅड पास्ड बी.ए.’ मराठीत ‘आई बाजारात गेली’ म्हणजे आई आत्ता घरी नाही. ‘आई बाजारात गेली होती’ म्हणजे ती परत आली, पिशवीही रिकामी झाली. काल कुठे होतीस, असं विचारल्यावर कुणी ‘मामाकडे गेले’ असं उत्तर देत नाही. ‘गेले होते’ म्हणतो. नुसतं ‘गेले’ ऐकलं की ऐकणारा ‘मग?’ म्हणून थांबतो. इंग्रजीत गंमत उलटी आहे. ‘आय वेंट’ म्हटलं की गोष्ट पुरी. ‘आय हॅड गॉन’ म्हटलं की तो माणूस ‘मग?’ म्हणून थांबतो, कारण ‘हॅड’ला पुढे दुसरी घटना हवी असते : आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी गेली होती. पोचणं नंतरचं, जाणं आधीचं. इथं ‘हॅड’ शोभतो. दुसरी घटना नसेल तर ‘हॅड’ बिचारा एकटाच ताटकळतो.

हे सगळं सांगून झाल्यावर सगळ्यांनी वहीत ‘हॅड गॉन’ खोडून ‘वेंट’ लिहिलं. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र लिहीना.

‘‘बाई, पण मग मी मामाकडून परत आलेय हे वाचणाऱ्याला कसं कळणार?’’

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘हजेरी बघून!’’