मे महिन्यातली पदवी

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालं. २०२५मध्ये त्याला ३६ वर्षं झाली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या भाचीला नोकरीच्या मुलाखतीत विचारलं गेलं, ‘पदवी बाहेरूनच ना?’ पोरगी रडत घरी आली. ‘बाहेरून’ हा शब्द मलाही अजून बोचतो.

मी नववीत शाळा सोडली. बाबा माथेरानला हातरिक्षा ओढायचे, मी हॉटेलात कामाला लागलो. पुढची काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. २००३मध्ये कळलं, बारावी नसली तरी पूर्वतयारी परीक्षा देऊन बीएला बसता येतं. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात या विद्यापीठाची घडी बसली. माझ्यासारख्यांसाठी तिथं दार उघडं होतं, याबद्दल त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

रविवारी कर्जतला संपर्कसत्र असायचं. दस्तुरी नाक्यापर्यंत तांबड्या मातीतून चालत, तिथून टॅक्सीनं नेरळ, मग लोकल. शनिवार-रविवारीच हॉटेल भरतं, त्यामुळे प्रत्येक सत्रासाठी पाळी बदलून मागावी लागे. अभ्यास खरा व्हायचा पावसाळ्यात. हॉटेल ताडपत्रीखाली झाकलेलं, पगार अर्धा, वीज गेलेली. कंदिलाशेजारी पुस्तकाची पानं ओलसर होऊन एकमेकांना चिकटायची. २००५च्या २६ जुलैला मिनीट्रेनचे रूळ वाहून गेले. त्या पावसात मी इतिहासाचा गृहपाठ पोटाशी प्लॅस्टिकमध्ये बांधून खाली पोचवला.

पण सगळ्यात अवघड होता मे. परीक्षा मेमध्ये आणि माथेरानचा सीझनही मेमध्ये. मॅनेजर म्हणाला, ‘रजा घेतलीस तर परत येऊ नकोस.’ एक वर्ष माझे दोन पेपर असेच बुडाले. पुढच्या वर्षी बाबा माझ्या जागी सामान वाहायला उभे राहिले, साठीच्या उंबरठ्यावर. मिनीट्रेन २००७मध्ये पुन्हा सुरू झाली, त्याच वर्षी मी बीए झालो. याला बाहेरून म्हणायचं?

बाबा आता नाहीत. ज्या गाड्या ते जन्मभर ओढत राहिले, त्यांच्या जागी ई-रिक्षा येताहेत. ओढणारे कुठं जातील, काय शिकतील, याची चौकशी करायला कोणी फिरकत नाही.

आमच्या हॉटेलातल्या एका वेटरनं यंदा प्रवेश घेतलाय. मेमध्ये त्याचे पेपर असतील तेव्हा त्याच्या पाळ्या मी करणार. मालकाशी आत्ताच बोलून ठेवलंय.