नाक गरम म्हणजे ताप नव्हे

सकाळी दवाखाना उघडायला गेलो तर पायरीवर एक काकू बसलेल्या. मांडीवर जुन्या साडीच्या दुपट्यात गुंडाळलेली त्यांची मनी. तिचं तोंड सुजलेलं, श्वास भराभर चाललेला. ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या तपकिरी. सुई लावताना रक्ताचा थेंब पांढऱ्या कापसावर पडला, तोही लाल नव्हता, काकवीच्या रंगाचा होता.

“काय दिलंत हिला?”

“ताप होता हो डॉक्टर. नाक गरम लागत होतं, कानही. रात्री नातवाची अर्धी गोळी दुधातून दिली.”

गोळी पॅरासिटामॉलची, पाचशेची.

काकूंनी हे मायेनं केलं होतं, आणि असं करणाऱ्या त्या एकट्या नाहीत, म्हणूनच हे लिहितोय. मुळात मनीला ताप होता की नाही, हे नाकाला हात लावून कळणारच नव्हतं. झोपून उठल्यावर किंवा उन्हात बसल्यावर कुत्र्या-मांजराचं नाक कोरडं, गरम लागतंच. शिवाय त्यांचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. आपलं 98.6 अंश फॅरनहाइट, त्यांचं साधारण 101 ते 102.5. आपल्या हाताला ते तापल्यासारखंच लागणार. ताप बघायचा तर थर्मामीटर गुदद्वारात लावूनच.

“लहान मुलाला चालते, मग मांजराला का नाही?” हे मला नेहमी विचारतात. मांजर म्हणजे लहान मूल नव्हे. पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकायला आपल्या यकृतात जी यंत्रणा असते, ती मांजरात फार तोकडी आहे. औषध विषारी रूपात साठतं आणि हिमोग्लोबिन बिघडवतं. रक्त वाहत राहतं, पण त्याला प्राणवायू नेता येत नाही. हिरड्या तपकिरी झाल्या त्या यामुळे. मांजरासाठी या औषधाची सुरक्षित मात्राच नाही. अर्धी नाही, पावही नाही, मुलांचं सिरपही नाही.

कुत्र्याचं यकृत हे औषध थोडंफार पचवतं, पण त्याचं प्रमाण वजनावर ठरतं आणि ते ठरवायचं पशुवैद्यानं. लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर कधीच देऊ नका. पोटात व्रण होतात, काळी शी होते, मूत्रपिंडं निकामी होतात. याच डायक्लोफिनॅकनं आपली गिधाडं संपवत आणली. औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन ती मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. एकाला औषध ते दुसऱ्याला विष, याचा इतका मोठा दाखला आपल्याच देशात आहे.

“गोळी नको, मग घरगुती चालेल ना?” गोचीड जातात म्हणून कुत्र्याला लसूण चारणारे पुष्कळ भेटतात. लसणानं गोचीड जात नाहीत. कांदा-लसूण, कच्चा असो वा शिजलेला, तांबड्या पेशी फोडतो. मटणाच्या रश्शात कालवलेला भातही त्यातच आला. कुत्र्याच्या मानेवर लावायच्या गोचीडनाशक थेंबांत पर्मेथ्रिन असेल, तर ते मांजराला चुकूनही लावू नका. अंग थरथरतं, झटके येतात.

चुकून काही पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. मिठाचीच विषबाधा होते. दूध पाजून विष उतरत नाही. लक्षणं दिसायची वाट न बघता निघा, आणि गोळीचं पाकीट बरोबर घ्या.

काकूंनी पाकीट पदराला बांधून आणलं होतं. त्यामुळे अंदाज बांधण्यात वेळ गेला नाही. माणसांनाही देतात तोच उतारा, अ‍ॅसिटाइलसिस्टीन, लगेच सुरू केला, प्राणवायू लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरड्यांच्या कडेला गुलाबी रंग दिसायला लागला. चौथ्या दिवशी मनी स्वतःहून उठून ताटलीपाशी गेली.