चिखलातली वीज

विज्ञान प्रदर्शनात लिंबाचा घट आपण नेहमी पाहतो. त्यात विजेसाठी जस्त झिजते. जिवाणूंच्या घटात मात्र घाणच इंधन असते.

तळ्याच्या खोल चिखलात प्राणवायू नसतो. तिथले काही जिवाणू अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन लोहाच्या ऑक्साइडला देऊन जगतात. चिखलात कार्बनची पट्टी पुरली, की ते तिलाच इलेक्ट्रॉन देतात. वरच्या पाण्यातली दुसरी पट्टी तारेने जोडली, की प्रवाह सुरू होतो. जिवाणूंपासून वीज मिळते, हे इंग्लंडमधील डरहॅमचे प्राध्यापक पॉटर यांनी १९११ मध्ये दाखवले. २०१३ मध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी मूत्रावर चालणाऱ्या घटांनी मोबाईल चार्ज केला.

एका घटातून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, प्रवाहही अत्यल्प. म्हणून ‘याने घर उजळेल’ असे फलकावर लिहू नये. वीज मिळताना सांडपाणीही काही अंशी स्वच्छ होते, हा खरा लाभ.

पट्टीवर जिवाणू वाढायला दिवस लागतात. रोज मल्टीमीटरवरचा आकडा वहीत लिहा, चिखल हाताळल्यावर साबणाने हात धुवा. पालकांनीही तयार प्रकल्प विकत आणण्यापेक्षा मुलांची ही वही पाहावी, अशी आमची विनंती आहे. परीक्षकांनाही आम्ही तीच आधी पाहायला सांगू.