कॅन्सर रुग्णाची तहान उन्हाची समजू नका

माणसारख्या दुष्काळी मुलखात तहान लागली की दोष उन्हाला दिला जातो. पण कॅन्सरच्या रुग्णाला सारखी तहान, वारंवार लघवी, मळमळ, मलावरोध, गुंगी सुरू झाली, तर रक्तातले कॅल्शियम वाढलेले असू शकते. कॅन्सरमुळे हाडे झिजून ते रक्तात उतरते. १०० मिलिलिटर रक्तात साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम ठीक. १४ च्या वर जिवाला धोका.

दहिवडी-म्हसवडच्या बंधुभगिनींना आम्ही कळकळीने सांगतो, रुग्ण बरळू लागला म्हणून देवऋषी गाठू नका. मनाने कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. त्याच दिवशी इस्पितळात न्या, कॅल्शियम तपासायला सांगा. सलाईन व झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडच्या इंजेक्शनाने ते दोन-चार दिवसांत उतरू शकते. माणूस पुन्हा घरच्यांशी बोलू लागतो.