बाळाच्या हातांकडे बघा

आठव्या महिन्यात जन्मलेलं, दीड किलोचं बाळ काही आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी येतं, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्या वजनाकडे असतं. आज किती ग्रॅम वाढलं, दूध नीट ओढतं का, रात्री श्वास बरोबर चालतो ना. डोळ्यांची काळजी कुणी करत नाही, कारण ते अगदी छान दिसतात. टपोरे, काळेभोर, पाहुण्यांनी कौतुक करावं असे. पण आतल्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची वाढ भरकटलेली असेल, तर ते बाहेरून कुणालाच कळत नाही. आईला नाही, आजीला नाही आणि निष्णात बालरोगतज्ज्ञालाही नाही. त्यासाठी थेंब घालून बाळाची बाहुली मोठी करावी लागते आणि डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून नेत्रतज्ज्ञाने पडदा कडेपर्यंत तपासावा लागतो.

या आजाराला डॉक्टर मंडळी 'आरओपी' म्हणतात. पडद्याच्या रक्तवाहिन्या पूर्ण व्हायला आईच्या पोटातले नऊ महिने लागतात. बाळ आधीच बाहेर आलं की ही वाढ अर्धवट राहते. त्यात प्राणवायूचं प्रमाण कमीजास्त झालं की नको तिथे नाजूक वाहिन्या फुटू लागतात आणि शेवटी त्या पडद्यालाच ओढून सुटा करतात. श्रीमंत देशांत हे संकट मुख्यतः फार लहान, दीड किलोच्या आतल्या बाळांवर येतं. आपल्याकडे त्याहून वजनदार बाळांचीही दृष्टी गेलेली आहे. म्हणून भारतातला नियम जास्त कडक आहे. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचे. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं असेल, तर दोन-तीन आठवड्यांतच. उपचाराची गरज निघाली, तर लेझर दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायला इथे जागा नाही.

पुण्याला हा विषय नवा नाही. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला आणि ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत सोडला नाही. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम बालरोगशास्त्रात 'पुणे लो बर्थ वेट स्टडी' म्हणून ओळखलं जातं. मुलं बारा वर्षांची झाली तेव्हा त्यांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत होती, पण डोळ्यांनी पाहिलेलं हाताने उतरवण्यात ती बरोबरीच्या मुलांपेक्षा मागे पडत होती. अतिदक्षता विभागातून सुटका झाली म्हणजे सगळं निभावलं, असं होत नाही, हे पुण्याला त्या अभ्यासाने फार लवकर सांगून ठेवलं होतं.

दुसरं काम मोहम्मदवाडीच्या ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयातलं. हे रुग्णालय पुणे अंधजन मंडळ चालवतं आणि मंडळाची स्थापना १९५२ सालची. तिथल्या डॉ. सुचेता कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी आरओपीने दृष्टी गमावलेल्या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये छापून आला. ही मुलं इतक्या उशिरा का आली, याचं ठळक कारण वाचून राग येतो. डोळे तपासून घ्या, हे अनेकांना वेळेवर कुणी सांगितलंच नव्हतं.

इथवरची गोष्ट डॉक्टरांची. निम्मी गोष्ट यानंतर सुरू होते आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

डॉ. परीक्षित गोगटे हे पुण्यातले बालनेत्रतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या अंधशाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासले आणि निष्कर्ष २००७ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'त मांडले. एके काळी अशा शाळांत डोळ्यात फूल पडलेली मुलं फार असत. 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव, गोवर, घरगुती औषधं ही त्याची कारणं. ते प्रमाण आता मागे पडलं होतं. सर्वांत मोठा गट होता तो डोळ्याचा गोळाच जन्मतः नीट न घडलेल्या मुलांचा. काहींचा डोळा अगदी लहान, काहींचा तयारच न झालेला. या मुलांसाठी शल्यचिकित्सक फार काही करू शकत नाही. मोतीबिंदू असता तर काढला असता, पडद्याचा आजार असता तर लेझर केला असता. मग अशा बाळाच्या बाबतीत उपचार म्हणजे शिकवणं, आणि ते सहाव्या वर्षी नाही, पहिल्याच वर्षी.

का, ते समजायला अमेरिकेतल्या सेल्मा फ्रायबर्ग यांचं काम उपयोगी पडतं. मिशिगनमध्ये जन्मांध बाळांच्या घरी वर्षानुवर्षं जाऊन त्यांनी नोंदी केल्या आणि १९७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं की डोळस बाळ पाच महिन्यांचं झालं की समोरच्या खुळखुळ्याकडे हात नेतं. न दिसणारं बाळ नुसत्या आवाजाच्या दिशेने हात न्यायला नऊ-दहा महिन्यांच्या आसपास शिकतं. आवाज करणारी वस्तू तिथे 'आहे', ती हाताने पकडता येते, ही गोष्ट त्याला कुणी दाखवलेली नसते. वस्तूसाठी हात पुढे जात नाही, म्हणून रांगणंही लांबतं. रांगणार कशासाठी? पलीकडे काहीतरी आहे, हे माहीत असेल तर ना!

याहून नाजूक गोष्ट आईच्या बाबतीत घडते. आई पाळण्यापाशी येऊन बोलते, तेव्हा डोळस बाळ हातपाय झाडतं, हसतं. न दिसणारं बाळ एकदम स्तब्ध होतं. चेहरा कोरा, अंग शांत. आईला वाटतं, याला माझी ओळखच नाही. खरं तर ते जिवाचा कान करून ऐकत असतं. हलल्याने आवाज बुडेल, म्हणून हलत नाही. हे कळायला एखाद्या जाणत्या माणसाने आईच्या शेजारी बसून सांगावं लागतं, 'त्याच्या तोंडाकडे नका बघू, हातांकडे बघा.' आईचा आवाज आला की बोटं उघडतात, मिटतात, चाचपडतात. अशा बाळाचा आनंद आधी बोटांत दिसतो. ज्या आईला हे वेळेत कळलं नाही, ती हळूहळू बाळाशी कमी बोलू लागते. घरात कुणाचाच दोष नसतो आणि बाळ मात्र एकटं पडतं.

शीघ्र हस्तक्षेप सेवा म्हणजे मुख्यतः हेच काम. नाव सरकारी आहे, काम मात्र जमिनीवर चटई टाकून करायचं.

सात-आठ महिन्यांच्या बाळाचं सत्र साधारण असं चालतं. पंखा बंद, टीव्ही बंद, खोलीतली माणसं कमी. बाळाला थोडंफार दिसत असेल, तर काळ्या कापडावर एकच पिवळा चेंडू. दहा खेळणी एकदम मांडायची नाहीत. बाळाची नजर वळायला वेळ लागतो, तो द्यायचा. पुष्कळ पालक इथेच घाई करतात आणि चेंडू नाचवायला लागतात. अजिबात दिसत नसेल, तर वाटी-चमचा. चमचा वाटीवर वाजवायचा, थांबायचं, बाळाच्या दंडाला हलकेच स्पर्श करायचा आणि त्याचा हात आपल्या हातावर ठेवून वाटीपर्यंत न्यायचा. बाळाचा हात पकडून ओढायचा नाही. आपला हात खाली, त्याचा वर, म्हणजे हवं तेव्हा त्याला काढून घेता येतो. वाटी सापडली की ती पुन्हा त्याच जागी ठेवायची. उद्याही तिथेच. आंघोळीला नेताना आधी 'पाणी येतंय हं' म्हणायचं, मग एक पाय ओला करायचा. अचानक उचललं, अचानक पाणी घातलं, की अशी मुलं दचकतात आणि पुढे कुणी हात लावला तरी अंग चोरतात.

वर्ष-दीड वर्षानंतर स्वयंपाकघर हीच प्रयोगशाळा. कणकेचा गोळा, मटारच्या शेंगा, तांदळात लपवलेले राजमे, लसणाच्या पाकळ्या. बोटांना हा सराव असला, तर पुढे ब्रेलचे सहा ठिपके जड जात नाहीत. डोळे बोटांनी सतत दाबण्याची सवय अनेक मुलांना लागते. ओरडून ती जात नाही. हातांना काम दिलं की कमी होते.

आणखी एक प्रकार आहे आणि तो घरात सर्वांत जास्त गोंधळ उडवतो. बाळ जन्मल्यावर उशिरा रडलं, रक्तातली साखर फार उतरली, झटके आले, तर डोळा शाबूत राहूनही मेंदूतला पाहण्याचा भाग दुखावलेला असू शकतो. नेत्रतज्ज्ञ म्हणतात, डोळे ठीक आहेत. आई म्हणते, माझ्याकडे बघत नाही. आजी म्हणते, फिरत्या पंख्याकडे तासभर टक लावून बघतो, मग दिसत कसं नाही? तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. अशा मुलांना हलती वस्तू स्थिर वस्तूपेक्षा सहज दिसते, लाल-पिवळा रंग चटकन पकडतो, गर्दीत काहीच उमगत नाही आणि एका दिवशी जमलेलं दुसऱ्या दिवशी जमत नाही. इथे लवकर सुरुवात केली, तर सुधारणेला चांगला वाव असतो, कारण पहिल्या काही वर्षांत मेंदू नवे रस्ते काढायला तयार असतो.

पुण्यातल्याच एका अभ्यासात मतिमंद आणि इतर विशेष मुलांच्या शाळांमध्ये डोळे तपासले गेले. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. जवळजवळ निम्म्या मुलांच्या डोळ्यांत काही ना काही दोष निघाला आणि पुष्कळांना नुसता चष्मा हवा होता. म्हणजे ज्याला 'शिकत नाही' म्हटलं, त्याला फळा दिसतो का, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

व्यवस्था नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच महाराष्ट्रात, पालघरला, फेब्रुवारी २०१३ मध्ये झाली. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी आहे, तपासायच्या आजारांत आरओपी आहे आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. बालरोगतज्ज्ञ, दृष्टी तपासणारा तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि विशेष शिक्षक एका छपराखाली असावेत, ही त्यामागची कल्पना. पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातात. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत सामावून घेण्याची कार्यपद्धती केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. कागदावर पाहिलं, तर साखळी जन्मापासून शाळेपर्यंत पोचते.

पण मधली कडी कच्ची आहे. पुण्यात अंधशाळा १९३४ पासून आहे. आज मुलांची शाळा कोरेगाव पार्कला आणि मुलींची कोथरूडला भरते. मूल तिथे येतं ते सहाव्या वर्षाच्या आसपास. शिक्षणहक्क कायदाही सहापासूनच मोजतो. आधीची सहा वर्षं घराच्या जिवावर. 'निरामय' ही थेरपीचा खर्च देणारी एक लाखापर्यंतची विमा योजना आहे, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरती. नुसती दृष्टी नसलेलं बाळ तिच्यात बसत नाही. नेत्रतज्ज्ञाच्या खोलीतून बाहेर पडलेल्या आईला पुढचा पत्ता हातात मिळणं, ही गोष्ट आजही त्या डॉक्टरच्या वैयक्तिक कळकळीवर अवलंबून राहते. लेझरच्या यंत्राला देणगीदार मिळतात. चटईवर बसून आईला शिकवणाऱ्या बाईंच्या पगाराला मिळत नाहीत. या शहरात नेत्रतज्ज्ञांची वाण नाही. घरोघरी जाणाऱ्या विशेष शिक्षकांची मात्र आहे, आणि पैसे खर्च करायचेच तर आधी तिथे करायला हवेत.

तोवर घरच्यांनी काय करावं? नवजात विभागातून बाळाला घरी आणताना डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीची तारीख लिहिलेली आहे का, ते बघा. नसेल तर मागून घ्या. एकदा तपासून झालं तरी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा पुन्हा न्या. बाळ तीन महिन्यांचं होऊनही नजरेला नजर देत नसेल, बुबुळं सतत थरथरत असतील, बाहुलीत पांढरं दिसत असेल किंवा डोळे मोठे, पाणावलेले आणि उजेडाला मिटणारे असतील, तर 'मोठा झाला की बघायला लागेल' या धीरावर विसंबू नका. मोतीबिंदूसारख्या आजारात शस्त्रक्रियेची योग्य वेळ पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच येऊन जाते. आणि डॉक्टरांनी 'आता डोळ्यांवर उपचार नाही' असं सांगितलं, तर खुर्चीतून उठण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा. बाळाला शिकवायला कुठे न्यायचं? पुणे जिल्ह्यासाठी विचारपूस औंधच्या जिल्हा रुग्णालयात करा. बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली तपासणी आणि उपचार मोफत आहेत.